बिनपात्याच्या शस्त्रक्रियेचा ताळेबंद

चष्मा उतरविण्याच्या शस्त्रक्रियेच्या जाहिरातींत ‘ब्लेडलेस’ हा शब्द आता हमखास आढळतो. साधी लॅसिक एका दराने आणि बिनपात्याची दुसऱ्या, अर्थातच चढ्या दराने, असे दरपत्रक अनेक नेत्रचिकित्सालयांत रुग्णापुढे ठेवले जाते. आणि डोळ्याजवळ सुरी येणार नाही या एका आश्वासनापोटी मध्यमवर्गीय कुटुंब हजारो रुपये अधिक मोजावयास तयार होते. यात नवल नाही. शरीराच्या इतर अवयवांबद्दल माणूस हळवा असतो, डोळ्याबद्दल तो भित्रा असतो. परंतु ज्या शब्दासाठी जादा पैसे दिले जातात त्या शब्दाचा अर्थ काय, पाते गेले म्हणजे नेमके काय गेले आणि काय राहिले, ही विचारणा क्वचितच होते. ती करावयाची तर आरंभ डोळ्याच्या रचनेपासून करावा लागेल.

बुबुळाच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखे एक पारदर्शक आवरण असते. डॉक्टर ज्याला कॉर्निया म्हणतात ते हे पारपटल. डोळ्यात शिरणारे प्रकाशकिरण वळवून दृष्टिपटलावर एकवटण्याचे जे काम आहे, त्यातील सुमारे दोन-तृतीयांश काम हे पारपटलच करते. आतल्या भिंगाचा वाटा त्या मानाने लहान. ज्यांना उणे नंबरचा चष्मा लागतो त्यांचा डोळा बहुधा लांबीने थोडा जास्त असतो, त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच तयार होते. डोळ्याची लांबी कमी करता येत नाही. मग पारपटलाचा फुगवटा थोडा सपाट केला तर प्रतिमा मागे सरकेल, हा या साऱ्या शस्त्रक्रियांमागील साधा तर्क होय. पारपटलाची जाडी मध्यभागी सरासरी ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक. जे काही करावयाचे ते एवढ्या भांडवलात.

हा तर्क लेसरच्या फार आधीचा आहे. जपानमध्ये सातो यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे पारपटलाला आतून आणि बाहेरून छेद देऊन ते सपाट करण्याचा उद्योग केला. आतल्या पृष्ठभागावरील पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत हे तेव्हा ठाऊक नव्हते, आणि दोन दशकांच्या अंतराने त्या रुग्णांपैकी बहुतेकांची पारपटले सुजून धूसर होत गेली. पुढे १९७० च्या दशकात मॉस्कोमध्ये फ्योदोरोव यांनी फक्त बाहेरून, चाकाच्या आऱ्यांप्रमाणे छेद देण्याची पद्धत रूढ केली. कारखान्यातील सरकत्या पट्ट्यावर माल पुढे जावा तसे रुग्ण एका शस्त्रवैद्याकडून दुसऱ्याकडे सरकत, अशी त्यांच्या संस्थेची ख्याती होती. अमेरिकेने या पद्धतीची दहा वर्षे शिस्तीने पाहणी केली. १९९४ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा असे दिसले की ४३ टक्के डोळ्यांचा नंबर नंतरच्या काळात एक डायॉप्टर किंवा त्याहून अधिक अधिक-बाजूला, म्हणजे उलट दिशेला, सरकला होता. पाते या शब्दाची जी भीती आहे तिला असा इतिहास आहे. ती अगदीच अडाणी भीती नव्हे.

लेसरचा प्रवेश याच सुमारास झाला, आणि तोही एका मेजवानीच्या उरल्यासुरल्या पदार्थांतून. न्यूयॉर्कनजीक आयबीएमच्या संशोधनकेंद्रात रंगस्वामी श्रीनिवासन, जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम हे एक्सायमर लेसरच्या अतिनील किरणांवर काम करीत होते. श्रीनिवासन हे मद्रास विद्यापीठाचे पदवीधर. नोव्हेंबर १९८१ मध्ये ‘थँक्सगिव्हिंग’च्या सणानंतर घरी उरलेला टर्की पक्ष्याचा तुकडा घेऊन ते प्रयोगशाळेत आले आणि १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा किरण त्यांनी त्यावर सोडला. कूर्चेत कोरीव खाच पडली, पण तिच्या कडा जळाल्या नव्हत्या की करपल्या नव्हत्या. हा किरण ऊतक भाजत नाही. रेणूंचे बंध तोडून तेवढाच थर उडवून देतो, आणि दर स्पंदागणिक उडणारा थर मायक्रॉनच्या एका अंशाइतका पातळ असतो. न्यूयॉर्कचे नेत्रवैद्य स्टीफन ट्रोकेल यांनी १९८३ मध्ये श्रीनिवासन यांच्यासह हा किरण गाईगुरांच्या डोळ्यांवर वापरून पाहिला. पुढे १९९५ मध्ये अमेरिकी नियामकांनी माणसाच्या डोळ्यावर या पद्धतीच्या वापरास संमती दिली. त्या तिघा संशोधकांना २०१३ मध्ये अध्यक्ष ओबामा यांच्या हस्ते त्या देशाचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले.

येथे सर्वसाधारण ग्राहकाचा जो गैरसमज असतो तो स्पष्ट केला पाहिजे. लॅसिकमध्ये नंबर घालविण्याचे, म्हणजे पारपटलाला नवा आकार देण्याचे, काम पात्याने कधीच होत नव्हते. ते पहिल्यापासून एक्सायमर लेसरचेच काम आहे. पात्याचा संबंध येतो तो निराळ्या कारणाने. एक्सायमरचा किरण पारपटलाच्या पृष्ठभागावर सरळ चालविला तर वरची नाजूक त्वचा आधी काढावी लागते. ती भरून येईतो काही दिवस डोळा ठणकतो, पाणी गळते आणि दृष्टी हळूहळू सुधारते. ही पद्धत आजही चालते, आणि गंमत अशी की तीत पाते नसतेच. तिला कोणी ‘ब्लेडलेस’ म्हणून मिरवीत नाही, कारण वेदना हा विक्रीचा मुद्दा होऊ शकत नाही. या त्रासावर उपाय म्हणून १९९० च्या आसपास क्रीट बेटावरील पल्लिकारिस यांनी निराळा मार्ग काढला. पारपटलाचा वरचा एक पापुद्रा एका बाजूस बिजागरीसारखा जोडलेला ठेवून उचलावयाचा, त्याखालच्या भागावर लेसर चालवावयाचा आणि पापुद्रा पुन्हा जागेवर बसवावयाचा. वरची त्वचा शाबूत राहिल्यामुळे दुसऱ्याच दिवशी दिसू लागते. पापुद्रा कापण्याचे यंत्र बोगोटाच्या बाराकेर यांच्या जुन्या यंत्राचे वंशज होते. पारपटलाची चकती काढून, गोठवून, लेथवर घासून पुन्हा शिवण्याची अचाट कल्पना त्यांनी १९४९ मध्येच मांडली होती. सुताराच्या रंध्याप्रमाणे हे यंत्र डोळ्यावरून सरकते, आणि त्यात एक थरथरणारे पोलादी पाते असते. बिनपात्याच्या शस्त्रक्रियेत जे गेले ते हे पाते. पापुद्रा गेलेला नाही, आणि छेदही गेलेला नाही.

पात्याची जागा ज्या दुसऱ्या लेसरने घेतली त्याचीही कथा अपघाताची आहे. १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत एक संशोधक विद्यार्थी संरक्षक चष्मा न लावता काम करीत असताना फेम्टोसेकंद लेसरचा किरण त्याच्या डोळ्यात गेला. त्याला तपासणारे तरुण डॉक्टर रॉन कर्ट्झ यांना इजेपेक्षा इजेचा आकार अधिक विस्मयकारक वाटला. लेसरने झालेली इतकी रेखीव, आजूबाजूला न पसरलेली जखम त्यांनी पाहिली नव्हती. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाख अब्जावा भाग. किरणाचे स्पंद असे काही शे फेम्टोसेकंदच टिकते, त्यामुळे उष्णता पसरावयास अवधीच मिळत नाही. अशी अतितीव्र, अतिक्षणिक स्पंदे निर्माण करण्याची रीत जेरार मूरू आणि डॉना स्ट्रिकलंड यांनी १९८५ मध्ये शोधली होती, आणि तिच्यासाठी त्यांना २०१८ च्या पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. कर्ट्झ यांनी भौतिकीतज्ज्ञ तिबोर युहाझ यांच्याबरोबर हे तंत्र पारपटलाकडे वळविले. हा किरण अवरक्त असल्याने पारपटलाच्या वरच्या थरांतून आरपार जातो आणि ठरविलेल्या खोलीवरच एकवटतो. तेथे सूक्ष्म बुडबुडा निर्माण होतो. असे लक्षावधी बुडबुडे एका सपाटीत शेजारी शेजारी मांडले की तेवढ्या रेषेत पारपटलाचे दोन थर सुटे होतात आणि पापुद्रा उचलता येतो. पोस्टाच्या तिकिटांच्या तावावर भोकांची रांग पाडून तिकीट फाडतात, तसाच हा प्रकार. शब्दकोशाच्या दृष्टीने यात पाते नाही हे खरे. शरीराच्या दृष्टीने मात्र कापणे ते कापणेच.

मग जादा पैसे वाया जातात काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. या यंत्राने जे साधले ते समजण्यास थोडा हिशेब मांडावा लागेल, आणि हा हिशेब वजाबाकीचा आहे. साधारण ६ मिलिमीटर व्यासाच्या भागावर लेसर चालवावयाचा असेल तर दर एक डायॉप्टरमागे सुमारे १२ मायक्रॉन ऊतक खर्ची पडते. उणे ६ नंबरसाठी ७२ मायक्रॉन. पापुद्रा ११० मायक्रॉनचा धरला तर ५४० मधून दोन्ही वजा जाता ३५८ मायक्रॉन उरतात. डोळ्यातील दाब पेलण्याचे काम या उरलेल्या भागालाच करावयाचे असते, कारण परत बसविलेला पापुद्रा बळाच्या दृष्टीने जवळजवळ निकामी असतो. ही शिल्लक २५० मायक्रॉनच्या खाली जाऊ नये असा नेत्रवैद्यकाचा जुना दंडक आहे. सावध शस्त्रवैद्य ती ३०० च्या वर ठेवतात. खाली गेली तर पारपटल दाबाखाली हळूहळू पुढे फुगत जाण्याचा धोका असतो, आणि तो विकार चष्म्याने आवरत नाही.

आता दुसरा माणूस घ्या. त्याचे पारपटल ४९० मायक्रॉनचे आणि नंबर उणे ९. लेसरचा खर्च १०८ मायक्रॉन. पात्याच्या यंत्राने १३० चा पापुद्रा काढण्याचे ठरविले तर कागदावर २५२ उरतात, म्हणजे दंडकाच्या काठावर. परंतु पात्याच्या यंत्राचा स्वभाव असा की ठरविलेल्या जाडीपेक्षा वीस-तीस मायक्रॉनने पापुद्रा जाड किंवा पातळ निघणे त्याला नवीन नव्हते. तोच पापुद्रा १६० चा निघाला की शिल्लक २२२ वर येते, आणि हे कळते ते कापून झाल्यानंतर. फेम्टोसेकंद लेसरने ११० चा पापुद्रा ठरविला तर तो दहा-पंधरा मायक्रॉनच्या फरकाने तेवढाच निघतो. शिल्लक २७२ च्या आसपास राहते. (अशा डोळ्यावर लेसर चालवूच नये असे सांगणारे डॉक्टर पुष्कळ आहेत, आणि त्यांचे ऐकणेच शहाणपणाचे.) तात्पर्य, यंत्राने जखम नाहीशी केलेली नाही, जखमेच्या मापातील अनिश्चितता कमी केली आहे. पापुद्र्याला मध्येच भोक पडणे, तो बिजागरीपासून सुटून येणे, हे पात्याचे क्वचित घडणारे पण घोर अपघातही त्यामुळे विरळ झाले. अर्थशास्त्राच्या भाषेत ग्राहक येथे विम्याचा हप्ता भरीत असतो. ज्याचे पारपटल जाड आणि नंबर लहान, त्याला या विम्याचे मोल कमी. ज्याचा हिशेब काठावरचा, त्याला ते अधिक. सरळ पार पडलेल्या शस्त्रक्रियेनंतर दोन्ही पद्धतींच्या रुग्णांची दृष्टी सामान्यतः सारखीच तीक्ष्ण असते, ही गोष्ट दरपत्रकात नसते.

‘स्माइल’ या नावाने ओळखली जाणारी तिसरी पद्धत २०१६ पासून अमेरिकेतही संमत आहे. तीत पापुद्रा नसतो. फेम्टोसेकंद लेसरनेच पारपटलाच्या आत एक भिंगासारखी चकती सुटी करून ती दोन ते चार मिलिमीटरच्या फटीतून ओढून काढतात. वरच्या थरातील मज्जातंतू कमी कापले जातात, म्हणून डोळे कोरडे पडण्याची तक्रार कमी राहावी अशी अपेक्षा असते. लॅसिकनंतर काही महिने कोरडेपणा आणि रात्री दिव्यांभोवती वलये दिसणे या तक्रारी सर्रास आढळतात. बहुतेकांच्या त्या ओसरतात, थोड्यांच्या टिकून राहतात. वजाबाकीचा हिशेब या पद्धतीलाही चुकलेला नाही.

तरुणांना सांगावयाची गोष्ट याहून वेगळी आहे. या शस्त्रक्रियेने चष्मा जातो, मूळ दोष जात नाही. डोळा लांबट होता तो लांबटच राहतो, आणि लांबट डोळ्याचे दृष्टिपटल ताणलेले असल्यामुळे ते निसटण्याचा जो धोका मोठ्या नंबरवाल्यांना असतो तो शस्त्रक्रियेनंतरही तसाच उरतो. चष्मा सुटला म्हणून वर्षाकाठची तपासणी सोडणारे लोक ही बाब विसरतात. शिवाय वय अठराच्या खाली असेल, नंबर अद्याप वाढत असेल, किंवा पारपटल शंकूसारखे पुढे येण्याच्या विकाराची नुसती शंकाही असेल, तर लेसर कोणताही असो, तो वर्ज्य होय.

आणि चाळिशी. मराठीने वाचनाच्या चष्म्याला वयाचेच नाव दिले आहे, इतका त्याचा आणि वयाचा संबंध अटळ. चाळिशीच्या सुमारास डोळ्याचे आतले भिंग ताठर होते. त्याच्याशी पारपटलावरील लेसरचा काही संबंध नाही. पण येथे एक हिशेब असा आहे की जो शिक्षक आणि लिपिक यांनी, म्हणजे वाचन-लेखन हाच ज्यांचा धंदा त्यांनी, अवश्य करावा. उणे अडीच नंबरच्या माणसाला चष्मा काढला की बरोबर ४० सेंटिमीटरवरचे स्वच्छ दिसते, म्हणजे हातातल्या पुस्तकाइतक्या अंतरावरचे. पन्नाशीत त्याचे समवयस्क चाळिशी शोधत असताना हा गृहस्थ चष्मा कपाळावर सरकवून उत्तरपत्रिका तपासतो. ही निसर्गाने दिलेली सोय आहे. चाळीस-बेचाळिसाव्या वर्षी शस्त्रक्रिया करून तो दूरचे पाहण्याचा चष्मा घालवितो आणि वर्ष-दोन वर्षांत जवळचा चष्मा घेतो. सोय विकून त्याने गैरसोय घेतली, आणि वर रोख पैसे दिले. एक डोळा दूरसाठी व एक जवळसाठी ठेवण्याची तडजोड करता येते, पण ती सर्वांना मानवत नाही. चष्मा ही काही उपेक्षणीय वस्तू नव्हे. आसामच्या चहामळ्यांतील चाळिशी उलटलेल्या ७५१ कामगारांवरील जो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात साधे जवळचे चष्मे मिळालेल्यांची पानतोडणीतील उत्पादकता न मिळालेल्यांपेक्षा २१.७ टक्क्यांनी अधिक वाढल्याचे दिसले.

बाजाराचे अंग तपासल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. एक्सायमर लेसरच्या आरंभीच्या काळात अमेरिकेतील दोन उत्पादकांनी आपली पेटंटे एकत्र केली आणि यंत्र विकून झाल्यावरही प्रत्येक वापरामागे २५० डॉलर शुल्क आकारण्याचा पायंडा पाडला. डॉक्टर जेवढ्या वेळा यंत्र चालवील तेवढ्या वेळा कंपनीला तिचे २५० डॉलर मिळावयाचे. १९९८ मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनने स्पर्धा मारल्याचा आरोप ठेवल्यानंतर हा गट मोडला. ही हकिकत येथे सांगण्याचे कारण एवढेच की अशा यंत्राच्या किमतीत पोलाद आणि काच यांचा वाटा किती आणि मक्तेदारीचा किती, हे रुग्णाला कधीच कळत नाही. केनेथ ॲरो यांनी १९६३ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात वैद्यकीय सेवेच्या बाजाराचे मूळ दुखणे अनिश्चितता हेच सांगितले होते. विकणाऱ्याला जे माहीत असते ते घेणाऱ्याला नसते. येथे तर पारपटल मोजणारा, शस्त्रक्रिया योग्य की अयोग्य ठरविणारा आणि ती करून पैसे घेणारा एकच असतो. बहुसंख्य नेत्रवैद्य हा त्रिविध अधिकार सचोटीने वापरतात, परंतु सचोटीवर उभी असलेली व्यवस्था ही व्यवस्था नव्हे. पारपटलाच्या जाडीचा व आकाराचा नकाशा एका ठिकाणी काढून घेऊन तो शस्त्रक्रियेशी संबंध नसलेल्या दुसऱ्या डॉक्टरला दाखविणे, हा त्यातल्या त्यात स्वस्त उपाय. त्याला लागणारा खर्च ‘ब्लेडलेस’च्या जादा दरापुढे किरकोळ असतो. विम्यावर भिस्त ठेवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की आपल्या देशातील आरोग्यविम्याच्या प्रमाणित अटींनुसार ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी नंबरच्या दुरुस्तीचा खर्च वगळलेला असतो. म्हणजे ज्यांचा हिशेब सोपा त्यांना सारे पैसे पदरचे, आणि ज्यांना विमा मिळण्याचा संभव त्यांचा हिशेब काठावरचा.

नोकरीच्या आशेने चष्मा उतरविणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांची फसगतही मोठी होते. रेल्वेच्या सहायक लोको पायलट या पदासाठी लॅसिक किंवा नंबर घालविणारी दुसरी कोणतीही शस्त्रक्रिया केलेला उमेदवार अपात्र ठरतो. ज्या मुलाने नेमक्या याच जागेसाठी वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढावयास लावले असेल, त्याचे दार त्या कर्जानेच बंद होते. सैन्यदलांच्या काही प्रवेशांत शस्त्रक्रिया चालते, पण वय, मध्ये गेलेला काळ, पारपटलाची उरलेली जाडी आणि डोळ्याची लांबी यांच्या अटी असतात. भरतीची जाहिरात आणि तिच्या वैद्यकीय अटी आधी, नेत्रचिकित्सालयाची पायरी नंतर, हा क्रम उलटा करून चालत नाही. मुलींच्या बाबतीत नोकरीची जागा विवाह घेतो. वधूवरसूचकांच्या स्तंभात ‘चष्मा नाही’ हे वाक्य वर्णाच्या आणि उंचीच्या शेजारी अनेक वर्षे छापले गेले आहे. निरोगी डोळ्याचे ७२ मायक्रॉन त्या दोन शब्दांसाठी खर्ची पडावेत, यात दोष लेसरचा नाही.

ज्यांनी सर्व बाजूंनी विचार करून शस्त्रक्रिया करविली, आणि पुष्कळांनी ती करवून समाधान मिळविले आहे, त्यांनी एक कागद मात्र जपून ठेवावा. शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर, पारपटलाची जाडी व वक्रता आणि प्रत्यक्ष किती मायक्रॉन काढले याची नोंद असलेला तो कागद होय. साठीनंतर मोतीबिंदू होईल तेव्हा डोळ्यात बसवावयाच्या कृत्रिम भिंगाची शक्ती पारपटलाच्या वक्रतेवरून काढतात. लेसरने ती वक्रता बदललेली असल्यामुळे नेहमीचे सूत्र तेथे चुकते. तीस-पस्तीस वर्षांनंतरच्या त्या डॉक्टरला हा कागद लागेल. तोवर शस्त्रक्रिया केलेले चिकित्सालय चालू असेलच असे नाही, तेव्हा तो घरच्या कपाटात, जन्मदाखल्याच्या फायलीत असलेला बरा.